साऊथचं पॅक

राजशेखरनं तिन्ही पत्रकं टीपॉयवर ओळीनं मांडली. पंख्यानं उडू नयेत म्हणून एकावर रिमोट ठेवला, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, तिसऱ्यावर समोर बसलेल्या एजंटाचा मोबाइल. आणि मग बाजारात बैल पारखावा तसा तो तिन्हींकडं वाकून बघू लागला.

"पावणं, चहा घ्या की. निवतोय."

"घेतो की दादा. तुमचं बघून होऊ दे," एजंट म्हणाला. त्याचं नाव आदर्श. राहायला कसबा बावड्यात, गळ्यात टाय, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, बँक ह्याच्या मामाचीच आहे.

दोन हजार सात साल होतं. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांना उधारी कुणी शिकवायची गरज नव्हती. पण उधारीवर पॉइंट मिळतात आणि पॉइंट साठले की टोस्टर मिळतो, ही गोष्ट नवीन होती. राजशेखर शेटेचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, बायकोवर कधी हात न उचललेला. खोड एकच. काहीही घेताना त्याच्यासोबत फुकट काय येतं ते तो आधी बघायचा. साबणावर चमचा, बनियनवर रुमाल. फुकट ते पौष्टिक, ही म्हण त्याला बघूनच कुणाला तरी सुचली असावी.

"ह्या सोनेरीचं काय?"

"सोनेरीला पेट्रोलवर पॉइंट. निळ्याला कपड्यांवर. आणि हे लाल," आदर्शनं पत्रकावरचा आपला मोबाइल उचलला, "हे घरच्या करमणुकीचं हाय. डिशचं महिन्याचं बिल ह्या कार्डावरनं आपोआप जाणार. दर बिलाला पाचपट पॉइंट. वर छत्री बसवून देणार ती फुकट."

"पाचपट?"

"पाचपट. अन् वहिनींच्या नावाचं दुसरं कार्ड, त्ये बी फुकट. वहिनींनी कुठं बी वापरलं की मेसेज तुमच्या मोबाइलवर. बसल्या जागी कळतंय."

"हे बेस हाय," राजशेखर म्हणाला आणि दाराकडं बघून हसला. "ऐकलंस का? तुझ्या नावाचं कार्ड."

शांभवी स्वैपाकघराच्या दारात उभी होती. हसायला हवं म्हणून तीही हसली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. या घरात तिला काही कमी नव्हतं, आणि हे वाक्य तिला इतक्या जणांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की आता ते ऐकलं की तिचा जीव गुदमरायचा.

"मग केबल?" तिनं विचारलं.

"काढून टाकायची. सयाजीच्या केबलला निस्त्या मुंग्या दिसत्यात."

"डिश म्हंजे आरसा वहिनी," आदर्श म्हणाला. "मराठी, हिंदी, गुजराती, कार्टून, समदं."

शांभवीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात तिनं विचारलं, "कानडी लागतं का त्यावर?"

"साऊथचं पॅक वेगळं घ्यावं लागतंय. जरा वर पडतंय. अन् त्याच्यावर पॉइंट न्हाईत."

"मग सोडा," राजशेखर म्हणाला. "साऊथ कुणाला बघायचंय? आपल्या घरात कानडी बघतंय कोण?"

खिडकीखाली पाटावर राजशेखरची आई शेंगा फोडत बसली होती. तिच्या हातातली शेंग फुटायची थांबली. शांभवीनं तिकडं बघितलं. आम्ही बघतो, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण सासूनं मान वर केली नाही, शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, आणि शांभवीला ते दोन शब्द एकटीनं उचलवेनात.

"लाल करूया," राजशेखरनं आदर्शला सांगितलं. "कुठं सही करायची बोला."

*

या घराची पाटी आधी वेगळी होती. राजशेखरचे वडील महांतेशअण्णा कर्नाटकातल्या हुक्केरीकडून कोल्हापुरात आले तेव्हा त्यांचं आडनाव पट्टणशेट्टी होतं. दुकानाची पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा पेंटर म्हणाला, एवढं नाव बसायचं नाही. अण्णांनी तिथल्या तिथं पुढचं पट्टण छाटलं, मागचं सोपं केलं, आणि शेटे झाले. गोष्ट पेंटरची म्हणून हसत सांगायचे; पण खरं कारण राजशेखर होता. तिसरीत असताना तो एकदा शाळेतून फाटका शर्ट घेऊन आला होता. पोरांनी त्याला "कानडी अप्पा" म्हणत शाळेच्या मैदानभर पळवलं होतं. त्या दिवसापासून अण्णांनी कायदा केला: या घरात मराठीच बोलायचं. आडनाव छाटलं तशी बायकोची भाषाही छाटली. अण्णा गेले, कायदा राहिला.

शांभवी संकेश्वरची. घरात कानडी, शाळेत कानडी, भांडण कानडी. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात आईचा फोन आला आणि ती सवयीनं बोलू लागली, तेव्हा राजशेखरनं पेपरातून डोकं वर काढलं होतं. ओरडला वगैरे नाही. "इथं नको," एवढंच म्हणाला. तेव्हापासून आईचा फोन आला की ती गच्चीवर जायची, वाळत घातलेल्या पापडांशी बोलल्यासारखी हळू बोलायची.

आणि उरलेलं बोलणं दुपारी. जेवणं उरकून राजशेखर खाली दुकानात गेला की सासू, शिवगंगाबाई, टीव्ही लावायच्या. सयाजीच्या केबलवर, मुंग्या आलेलं का असेना, एक कानडी चॅनल होतं. त्यावर एका सुनेची मालिका लागायची. आवाज बारीक ठेवावा लागे, कारण खाली मोटार चालवून दाखवली की राजशेखर ती बंद करायचा आणि मग वरचं सगळं खाली ऐकू जायचं.

"बा, कुंदर," सासू म्हणायची. ये, बस. आणि इतर वेळी आई म्हणणारी शांभवी त्या तासात तिला अत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणायची.

दोघी कधी स्वतःबद्दल बोलल्या नाहीत. सगळं त्या मालिकेतल्या सुनेबद्दल. ही मुलगी फार सोसते गं, सासू कानडीत म्हणायची. सांगावं की तिनं कुणाला तरी, शांभवी म्हणायची. सांगून ऐकणारं माणूस हवं की घरात, यावर सासू. मालिका संपली की टीव्ही बंद, कानडीही बंद, आणि चहा मराठीत व्हायचा. रोजच्या दिवसातला तेवढाच तास शांभवीला मोकळा श्वास घेतल्यासारखा वाटे. तो आता पाचपट पॉइंटांत जाणार होता.

*

मंगळवारी ऐन मालिकेत फोन वाजला. शांभवीनं उचलला. पुण्याहून बँकेची मुलगी बोलत होती. कार्डाची चौकशी करायची आहे, घरात ज्येष्ठ कुणी आहे का, असं विचारत होती. शांभवीनं रिसीव्हर सासूकडं दिला आणि शेजारीच उभी राहिली.

"राजशेखर शेटे आपले कोण?" मुलीचा आवाज बाहेर ऐकू येण्याएवढा खणखणीत होता.

"ल्योक."

"घर स्वतःचं आहे?"

"व्हय, आमचंच."

"आणि आजी, आपलं माहेरचं नाव सांगाल? सुरक्षेसाठी लागतं."

शिवगंगाबाईंनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरून त्याच्याकडं बघितलं.

"माह्यारचं?"

"हो. लग्नाआधीचं."

"त्ये आता कशाला गं बाई?"

"नोंदीला लागतं, आजी."

टीव्हीवर ती सून मोलकरणीशी काहीतरी बोलत होती. शिवगंगाबाईंनी तिकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि तोंडाशी तळहाताचा आडोसा केला.

"नीलव्वा," त्या म्हणाल्या.

"परत सांगता का?"

"नीलव्वा." या वेळी आडोसा नव्हता.

फोन ठेवल्यावर त्या पाटावर बसल्या, पण मालिकेकडं त्यांचं लक्ष राहिलं नाही. शांभवीनं विचारलं नव्हतं तरी त्या सांगू लागल्या, कानडीत, आणि पहिल्यांदाच त्या सुनेबद्दल नव्हे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं शिवगंगा लिहिलं, ते सासऱ्यांनी ठरवलेलं नाव. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं काय लिहिलं ते दुसऱ्या दिवशी कळलं, ते पण हाका आपल्याला मारताहेत हे ध्यानात येईना म्हणून. आई पहिल्या सणाला भेटायला आली आणि रस्त्यातूनच नीलव्वा म्हणून हाक मारली, तर सासूबाईंनी दारातच थांबवून सांगितलं, इथं त्या नावाची कुणी राहत नाही. आई नंतर फार वेळा आलीच नाही.

 शांभवीचं स्वतःचं नाव राजशेखरनं बदललं नव्हतं. छान आहे, राहू दे, म्हणाला होता, आणि याला घरात सगळे मोठेपणा समजायचे.

"चा आतेन?" सासूनं विचारलं. चहा झाला का. शांभवी उठली.

*

गुरुवारी दुकान बंद करायच्या वेळी आदर्श आला आणि राजशेखरसोबतच जिना चढून वर आला. त्याचा टाय सैल झाला होता.

"दादा, अडकलंय. आईचं माहेरचं नाव जुळंना."

"जुळंना म्हंजे?"

"तुम्ही फॉर्मवर शिवगंगा लिवलंय. अन् आजींनी फोनवर दुसरंच सांगितलंय. निल... निलवा."

राजशेखरनं आईकडं बघितलं. "आई, काय सांगितलंस त्यांस्नी?"

"माझं नाव."

"तुझं नाव शिवगंगा न्हवं?"

"त्ये सासरचं. त्या पोरीनं माह्यारचं इचारलं."

राजशेखरला तिन्ही कार्डांचे बारीक अक्षरातले नियम पाठ झाले होते. सोनेरीचा पॉइंट किती महिन्यांनी बाद होतो हे त्यानं आदर्शलाच समजावून सांगितलं असतं. आपल्या आईला दुसरं नाव होतं हे मात्र त्याला माहीत नव्हतं. तो खुर्चीवर बसला आणि किल्ल्यांचा जुडगा हलवत राहिला.

"नीलव्वा?" तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

"मला कधी बोलली न्हाईस."

"बोलायचं काय त्यात?" आई म्हणाली.

आदर्शला असल्या घरगुती गोष्टींत रस नव्हता, त्याचं महिन्याचं टार्गेट राहिलं होतं. "सोपं हाय की दादा. फॉर्मवरचं नाव बदलू. आजींचं खरं नाव लिवू."

"खरं म्हंजे?" राजशेखरचा आवाज चढला. "रेशनकार्डावर शिवगंगा, लाइट बिलावर शिवगंगा, गल्लीत शिवगंगाकाकू. खरं त्येच. नीलव्वा-बिलव्वा बँकेत कशाला सांगायचं? उद्या मॅनेजर मला विचारणार, पावणं तिकडचं काय म्हणून."

तिकडचं हा शब्द त्यानं असा उच्चारला की शांभवीच्या कपाळाची शीर उडाली. तिकडची म्हणजे मी, तिच्या मनात आलं. तिकडची म्हणजे तुझी आई.  शांभवी आत गेली आणि काही काम नसताना पातेली लावत बसली.

बाहेर ठरत होतं. शनिवारी सकाळी परत फोन करायला सांगायचं. राजशेखर घरात असेल. आईनं फक्त शिवगंगा म्हणायचं, की झालं.

"जमतंय न्हवं आई? एक शब्द हाय."

आईचं उत्तर शांभवीला ऐकू आलं नाही.

त्या दोन दिवसांत शांभवीच्या मनात आशेचं एक रोपटं उगवलं, आणि तिनं ते खुडलं नाही. सासू पुन्हा नीलव्वा म्हणाली तर कार्ड बारगळणार. कार्ड नाही तर फुकटची छत्री नाही, आणि पदरचे पैसे घालून राजशेखर छत्री बसवणं शक्यच नव्हतं. म्हणजे सयाजीची केबल राहणार. एका नावावर सगळं आलं होतं, आणि ते नाव तोंडाशी आडोसा न धरता सांगितलेलं तिनं स्वतः बघितलं होतं.

शुक्रवारी दुपारी मालिका बघताना ती न राहवून म्हणाली, "अत्ती, उद्या..."

सासूनं टीव्हीवरची नजर हलवली नाही. "बघू," म्हणाली.

*

शनिवारी राजशेखर आंघोळ करून, विभूती लावून, फोनजवळ खुर्ची टाकून बसला. फोन वाजला तसा त्यानं स्पीकरचं बटण दाबलं आणि आईला खुणेनं जवळ बोलावलं. शांभवी पोह्यांची बशी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

पुन्हा तीच मुलगी, तेच प्रश्न. राजशेखर आपले कोण, घर कुणाचं. मग, "आजी, आपलं माहेरचं नाव?"

राजशेखर आईकडं बघत होता. दमदाटीनं नव्हे, परीक्षेच्या वर्गाबाहेरून लेकराकडं बघतात तसा. ओठ हलवून तो तिला उत्तर सांगतही होता. शिवगंगाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग एकदा शांभवीकडं.

"शिवगंगा," त्या म्हणाल्या.

"नक्की ना आजी? मागच्या वेळी आपण..."

"मागच्या येळंला चुकलं. शिवगंगा."

"थँक्यू, आजी."

राजशेखरनं टाळी वाजवली. "बघ! एका मिनटाचं काम." आणि शांभवीच्या हातातली बशी घेऊन तो पोहे खाऊ लागला.

शांभवीला सासूचा इतका राग आला की तिला तिथं उभं राहवेना. नवऱ्याचा राग तिला कधी एवढा आला नव्हता. त्याला निदान ठाऊक नव्हतं. हिला सगळं ठाऊक होतं. स्वतःचं नाव चुकलं म्हणून सांगते! त्या दुपारी टीव्ही लागला तरी ती बाहेर आली नाही. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. पलीकडून मालिकेचं गाणं ऐकू आलं, मग बराच वेळ नुसते संवाद.

पंधरवड्यात लाल कार्ड आलं. शांभवीच्या नावाचंही आलं. राजशेखरनं ते कपाटात आपल्याजवळ ठेवलं, हरवू नये म्हणून. गच्चीवर छत्री बसली. केबल काढायला सयाजी आला तेव्हा शांभवी पापड उलटत होती.

"ऱ्हायलं वहिनी तुमचं चॅनल," तो वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला.

"आमचं कसलं?"

"कानडी वो. ह्या लायनीवर दुसरं कोण बघतंय? तुमच्यासाठीच चालू ठेवलंतं मी."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"काकूंनी. तुमचं लगीन झालं त्या वर्षी खाली येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, सून आलीया, तिचं मन रमंना, कानडी काय लागतंय का बघ. दादांना बोलू नगं म्हणाल्या." त्यानं वायरीचं भेंडोळं खांद्यात अडकवलं. "मला वाटलं, ठावं असंल तुम्हांस्नी."

तो जिना उतरून गेला. शांभवीच्या हातात एक पापड तसाच राहिला होता. तीन वर्षं तिची समजूत होती की मालिका सासूला आवडते आणि आपण तिला सोबत म्हणून बसतो.

*

डिश खरंच आरशासारखी होती. मुंगी औषधालाही नव्हती. दुपारी दोघी टीव्हीसमोर बसायच्या, मराठी मालिका लागायची, आवाज मोठा ठेवला तरी चालायचा. आणि दोघी गप्प. कानडी सुरू व्हायला काहीतरी निमित्त लागायचं, ते आता उरलं नव्हतं, आणि बिनानिमित्ताचं पहिलं वाक्य कुणी बोलायचं हे दोघींनाही कळत नव्हतं. शांभवीला माफी मागायची होती. ती मराठीत मागता येईना. एकदा तिनं "आई" म्हणून हाक मारली, सासूनं वळून बघितलं, आणि ती "चहा टाकू?" म्हणाली. घर तेवढंच होतं, पण तिला भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या.

पुढच्या रविवारी राजशेखरनं गणपतरावांना जेवायला बोलावलं. गणपतराव समोरच्या पाइपांच्या दुकानाचे मालक, आवाज मोठा, मन मोकळं. त्यांना डिश दाखवायची होती आणि कार्डही. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, भात आणि सार असा बेत होता. मुलाच्या आणि पाहुण्याच्या पंगतीत शिवगंगाबाई बसल्या, शांभवी वाढत होती. समोर टीव्ही चालू होता.

"पॉइंट किती जमले मग?" गणपतरावांनी विचारलं.

"आत्ताशी सुरुवात हाय. टोस्टर तर फिक्स."

"टोस्टरवर भाकरी भाजती का वो वहिनी?" गणपतराव आपल्याच विनोदावर हसले. राजशेखरही हसला.

शिवगंगाबाईंनी भातात आळं केलं आणि मान वर न करता, पण चांगल्या स्वच्छ आवाजात म्हटलं, "शांभवी, इन्न स्वल्प सारु नीडव्वा."

आणखी थोडं सार वाढ गं बाई, एवढंच ते. पण पंगत थांबली. राजशेखरचा घास हातातच राहिला. टीव्हीवरची एक बाई साबणाचं कौतुक करत होती, तिचाच काय तो आवाज.

"काकू कानडी बोलत्यात व्हय!" गणपतराव खूश होऊन म्हणाले. "इतकी वर्षं समोर ऱ्हातोय, ठावंच न्हाई."

"कवातरी येतंय तोंडात," राजशेखर म्हणाला. मग हळू, दात आवळून, "आई, मराठीत सांग की."

शिवगंगाबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या शांभवीकडं बघत होत्या. तेच वाक्य त्या पुन्हा बोलल्या, आधीपेक्षा सावकाश, एकेक शब्द सुटा सुटा करून, आणि मग थांबल्या.

शांभवीच्या हातात साराचं पातेलं होतं. त्याचा काठ बोटांना पोळत होता. नवरा तिच्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात 'इथं नको' स्पष्ट लिहिलेलं होतं. नुसतं सार वाढलं असतं तरी भागलं असतं. कुणी काही म्हणालं नसतं. ती पुढं झाली, वाकली.

"नीडतेन्री, अत्ती," ती म्हणाली. वाढते हं. आवाज थोडा चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"काय म्हणाल्या वो दोघी?" गणपतरावांनी राजशेखरला कोपरानं ढोसलं. "सांगा की राजाभाऊ."

"मला कुठं येतंय कानडी," राजशेखर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी हितलाच. एक अक्षर कळत न्हाई." आणि विषय संपवायला त्यानं घाईनं साराचा भात तोंडात घातला.

शिवगंगाबाईंनीही एक घास खाल्ला. चावता चावता त्या मुलाच्या ताटाकडं बघत होत्या. मग तो तिसरीत असताना, फाटक्या शर्टाच्या आधी, ज्या आवाजात त्याला बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "राजू, उप्प कडिमि ऐती. तगो."

राजशेखरचा हात ताटावरून उठला आणि गणपतरावांच्या पलीकडं ठेवलेल्या मिठाच्या वाटीत गेला.

काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर त्यानं मीठ चिमटीत उचललं होतं.